माणशी दहा लिटर

आपल्या देशात खरकट्या भांड्यांनाही सरकारी कोटा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस ११७२’ या मानकात शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी धरलं आहे आणि त्याची वाटणीही करून दिली आहे. अंघोळीला ५५, संडासाला ३०, कपड्यांना २०, घर धुण्या-पुसण्याला १०, स्वयंपाकाला ५, पिण्याला ५ आणि भांड्यांना १०. चौघांच्या घराला भांडी घासायला दिवसाचे ४० लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. हा हिशेब ऐकून कुणी हसतं, कुणी चपापतं. ज्याच्या घरी नळ सोडला की पाणी येतं तो हसतो. ज्याला पाण्याची वेळ पाठ आहे तो मनातल्या मनात बादल्या मोजायला लागतो.

करंजाड्यात दुसऱ्या जातीची माणसं जास्त आहेत. पनवेल स्टेशनच्या आसपासच्या गजबजाटातून बाहेर पडलं की सिडकोनं वसवलेला हा नोड लागतो. संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या, साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारती, खाली स्टिल्टमधलं पार्किंग, वर वन आणि टू बीएचके. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, गावं हलली; त्यांतली काही घरं इकडच्या वडघर-करंजाडे पट्ट्यात आली. मुंबईत घर परवडेना म्हणून आलेले नोकरदार आहेत, घाटावरून आलेली कुटुंबं आहेत, मूळचे आगरी आहेत. भाषेचा हेल, मासळी खाणं न खाणं, देव्हारा, सगळं वेगळं. पाण्याची तक्रार मात्र सगळ्यांची एकच. ते ठरावीक वेळेला येतं, उन्हाळ्यात ती वेळ आक्रसते, आणि जलवाहिनी कुठं फुटली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त टँकरचीच चर्चा चालते.

या पाण्याचा प्रवास मोठा आहे. या भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या न्हावा-शेवा योजनेचा आधार आहे. लोणावळा, वळवण, शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांत साठलेला पाऊस टाटांच्या नळांतून खोपोलीला उतरतो. तिथलं वीजकेंद्र १९१५ सालचं. टर्बाइन फिरवून झालं की ते पाणी पाताळगंगेत सोडलं जातं, पुढं उचललं जातं, भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पनवेलच्या परिसरात पोचतं. म्हणजे ज्या पाण्यानं आपण आमटीचं पातेलं विसळतो त्यानं आधी वीज तयार केलेली असते. एवढं करून आलेल्या पाण्याची धार आपण चहाच्या एका कपावर अर्धं मिनिट धरून ठेवतो.

बसून आणि उभ्यानं

साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी देतो. पाच मिनिटं चालू राहिला की चौघांचा ४० लिटरचा कोटा जवळजवळ संपला. आणि चौघांची रात्रीची भांडी पाच मिनिटांत उरकली, असं घर अजून कुणी दाखवलेलं नाही.

पूर्वी हे होत नसे, कारण भांडी बसून घासली जात. मोरीत किंवा परसात पाट टाकायचा, डाव्या हाताला खरकट्यांचा ढीग, समोर घमेलं, उजव्या हाताला पाण्याची बादली आणि तांब्या. आधी सगळी भांडी घासून ठेवायची, मग विसळायला घ्यायची. विसळतानाही क्रम असे. वाटीतलं पाणी ताटात, ताटातलं परातीत, परातीतलं पातेल्यात. एक तांब्या पाणी चार भांड्यांवरून फिरून मगच मोरीत जाई. सगळ्यात खालच्या मोठ्या भांड्याला शेवटी स्वच्छ पाण्याचा एक हात दिला की काम झालं.

मग ओटा आला, सिंक आलं आणि घासणारी बाई उभी राहिली. कंबर, गुडघे सुटले, हे चांगलंच झालं. पण घासणं आणि विसळणं ही दोन कामं एक झाली. एक भांडं उचलायचं, घासायचं, नळाखाली धरायचं, ठेवायचं, दुसरं उचलायचं. आणि या सगळ्या वेळात नळ चालूच. करंजाड्यातल्या पुष्कळ घरांनी यावर आपला मार्ग काढलेला दिसतो. सिंकमध्ये फक्त कप-बशा होतात. जड काम ड्राय बाल्कनीत, टब आणि बादली घेऊन. पाण्याची वेळ सकाळची असली तर रात्रीची कढई आणि कुकर तसेच भिजत पडतात, आणि नळाला पहिली धार आली की भांड्यांचा आवाज सगळ्या मजल्यांवर एकदम सुरू होतो.

क्रमही पाणी वाचवतो. ताटातलं खरकटं आधी डब्यात निपटायचं. कढीपत्त्याची पानं आणि मोहरी सिंकच्या जाळीपर्यंत जाऊच द्यायची नाही. मग काच आणि कप, मग वाट्या-ताटं, मग दुधाचं पातेलं, शेवटी तेलकट कढई आणि तवा. तेलाचा हात आधी लागला तर ग्लासापर्यंत सगळ्याला लागतो. मासळीच्या भांड्याला आगरी स्वयंपाकघरात आधी थंड पाणी दाखवतात, गरम नाही. गरम पाण्यानं मासळीतली प्रथिनं भांड्याला घट्ट धरतात आणि वास बसतो. चिंचेचा कोळ किंवा थोडं बेसन चोळून थंड पाण्यानं काढलं की सुकटीचा तवाही निमूटपणे वासाला सोडतो.

राखेपासून फेसापर्यंत

घासायला काय घ्यायचं, याचाही पाण्याशी संबंध आहे. चुलीच्या काळात राख होती आणि नारळाचं सोडण होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते तेलातुपाशी मिळून जागच्या जागी थोडासा साबण तयार करतं, आणि राखेचे कण मळ खरवडतात. तांब्या-पितळेला चिंच नाहीतर कोकम. त्यातल्या आम्लानं काळा थर विरघळतो. आतून कल्हई, तीही नवसागर आणि कथील घेऊन दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याची. मग जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण आली आणि पितळ माळ्यावर गेलं. १९६८ साली औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भोगले कुटुंबानं ‘निर्लेप’ आणलं, आणि तव्याला तार लावायची नाही हा नवा नियम घरोघरी सुनांना आणि भांडीवाल्या मावशींना सांगितला जाऊ लागला. माळ्यावरच्या पितळेला ठाण्याच्या ‘पितांबरी’नं पुन्हा खाली आणलं. १९९३ मध्ये ‘विम’ची वडी आली, आणि पुढं राखेची वाटी मोरीतून कायमची उठली.

वडीमागून आला द्रव साबण आणि त्याच्यासोबत फेस. फेस दिसला की स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात फेसाचा आणि स्वच्छतेचा थेट संबंध नाही. फेस जास्त म्हणजे विसळायला पाणी जास्त, एवढंच. वाटीभर पाण्यात चमचाभर द्रव कालवून घासणी त्यात बुडवली तर कमी पाण्यात भांडं निघतं.

घासणीचंही सांगायला हवं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या फुर्टवांगन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरलेल्या स्पंजांची तपासणी केली, तेव्हा त्यांत जिवाणूंचे ३६२ गट सापडले. ओला स्पंज सिंकच्या कोपऱ्यात पडून राहिला की ती त्यांची वसाहतच. नारळाच्या सोडणाचं बरं होतं, ते उन्हात खडखडीत वाळायचं आणि जुनं झालं की चुलीत जायचं. आपल्या घासणीला निदान खिडकीतलं ऊन दाखवावं.

घासतं कोण?

इथवर ‘घासणारी बाई’ असं लिहिलं, आणि कुणाला त्यात काही खटकलं नसेल. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटं घटली, दरी होती तेवढीच राहिली.

शहरातल्या मध्यमवर्गानं ही दरी आपल्या घरापुरती मावशींच्या खांद्यावर टाकून बुजवली. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली, तेव्हा या कामाला रजा, बोनस, पगारवाढ असते हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला मात्र २००८ साल उजाडलं. आजही दर भांड्यांच्या संख्येवर नाही, माणसांच्या संख्येवर ठरतो, आणि पाहुणे आले की ढीग वाढतो, पैसे नाहीत. त्यातही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. घरातली सगळी भांडी जिच्या हातून निघतात, तिचा चहाचा कप पुष्कळ घरांत खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. आजच्या ज्या रायगड जिल्ह्यात १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी हातात घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच जिल्ह्यातली ही नवी गृहसंकुलं आहेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मावशी येईनाशा झाल्या. ज्या घरात कुणी कधी ढिगाकडं पाहिलं नव्हतं तिथं तो रोज दिसू लागला. पुरुषांनी घरकामात वाटा उचलावा, हे पंतप्रधानांनी आपल्या भाषणातून सांगावं, अशी ऑनलाइन याचिका त्या वर्षी मुंबईच्या एका महिलेनं केली आणि हजारोंनी त्यावर सह्या केल्या. २०२२ च्या डिसेंबरात ‘विम’नं मिलिंद सोमणला घेऊन पुरुषांसाठी काळ्या बाटलीतला साबण आणल्याची थट्टा केली. बाटली काळी झाली की पुरुष सिंकजवळ येतील, हा त्यातला टोला होता. तो कितीजणांना लागला हा प्रश्न वेगळा.

खरं तर आपल्या परंपरेला यात काही वावगं वाटत नव्हतं. राजसूय यज्ञात उष्टी काढणारा कृष्ण, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी भरणारा तोच, जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल. देवानं ही कामं केलेली आपल्याला चालतात, कीर्तनात डोळेही पाणावतात. कीर्तन ऐकून घरी आल्यावर ताट मात्र जिथल्या तिथं सोडून आपण उठतो.

यंत्र आलं, कढई राहिली

टाळेबंदीनं एक यंत्र मात्र घरात आणलं. डिशवॉशर इथं अनेक वर्षं मिळत होता, तरी त्याची खरी मागणी २०२० मध्ये वाढली. त्याचा शोध जुना आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ च्या डिसेंबरात पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं लोकांनी पाहिली.

यंत्र पाणी जास्त खातं ही समजूत मात्र उलटी आहे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठानं सात युरोपीय देशांतल्या ११३ लोकांना बारा जणांची भांडी हातानं घासायला दिली. सरासरी १०३ लिटर पाणी लागलं. यंत्राला तेवढ्याच भांड्यांना १५ ते २२ लिटर पुरले. पण माणसामाणसांत फरक अनेक पटींचा होता. टबात घासून टबात विसळणारा आणि वाहत्या नळाखाली धरणारा, दोघांचा हिशेब सारखा निघणं शक्यच नाही.

आपल्याकडं यंत्रापुढं अडचणी निराळ्या. खोल पातेली, अरुंद गळ्याचा तांब्या, कुकर आणि कढई यांच्यासाठी त्याचे कप्पे मुळात बनलेले नाहीत. अ‍ॅल्युमिनियम त्यात काळवंडतं, लोखंडी तव्याला गंज चढतो, पितळेची रया जाते. टँकर किंवा बोअरचं पाणी जड असेल तर यंत्राच्या तळाशी खास मीठ भरावं लागतं, कारण पाणी मृदू करणारी आतली राळ त्या मिठानंच ताजी होते. ते विसरलं तर ग्लासांवर पांढरे डाग राहतात. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत म्हणूनच हे यंत्र वर्षानुवर्षं घासलेली भांडी निथळत ठेवायचं कपाट म्हणून नांदतं. फोडणीची कढई तिथंही हातानंच.

टाकी घेऊन निघालेले

घराबाहेर पडल्यावर मात्र सगळे नियम बदलतात. चालतं घर म्हणजे अमेरिकी आरव्ही, असं आपल्याला वाटतं. पण स्वयंपाकघर गाडीवर चढवून मुक्कामामागून मुक्काम करायची सवय महाराष्ट्राला फार जुनी आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वारीतल्या पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली. आज त्या सोहळ्यात दिंडीमागं दिंडीचा ट्रक असतो. त्यात तंबू, शिधा, परात, पातेली, पाण्याची पिंपं. वारकरी भिशी भरतो, म्हणजे त्याच्या जेवणाची सोय दिंडीकडं. आचारी पुढच्या मुक्कामाला आधीच पोचून चूल मांडतात. दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते. जून-जुलै असूनही पुढच्या पट्ट्यात पावसाचा भरवसा नसतो आणि सगळी मदार टँकरवर.

तिथली भांडी घासण्याची रीत पाहण्यासारखी आहे. चुलीवर चढण्याआधी मोठ्या पातेल्याला बाहेरून मातीचा लेप देतात. जेवणावळ उठली की काजळी मातीसकट निघून जाते आणि पाणी वाचतं. पंगत पत्रावळीवर असेल तर ताटांचा प्रश्नच नाही. नसेल तर ज्यानं त्यानं आपलं ताट आणि तांब्या धुऊन पिशवीत टाकायचा. इथं शेतकरी असो की निवृत्त साहेब, ताट कुणाच्या पुढ्यात सरकवायची सोय नाही. घरी आयुष्यात कप न उचललेला माणूस पंधरवडाभर रोज दोन वेळा आपलं ताट घासतो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता दुसऱ्या जातीची गाडी आली आहे. केंद्र सरकारनं आधी आणि महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ओटा, सिंक, फ्रिज, झोपायची जागा असलेली गाडी भाड्यानं घ्यायची आणि निघायचं. करंजाड्यातून निघणं तर सोयीचं. कोकणातून गोव्याकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेललाच सुरू होतो.

पण सिंकचा नळ सोडला की पहिल्याच दिवशी धडा मिळतो. समजा गाडीत शंभर लिटरची टाकी आहे आणि माणसं चार. सरकारी कोट्यानं नुसती भांडी घासली तरी अडीच दिवसांत टाकी कोरडी. पिणं, हात-पाय धुणं अजून बाकीच आहे. शिवाय सिंकमधून गेलेलं पाणी कुठं नाहीसं होत नाही. ते गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत साठतं, आणि त्यात डाळीचे कण, तेल गेलं की दुसऱ्या दुपारी गाडीभर वास सुटतो. घरी हे पाणी भिंतीआड जातं म्हणून आपल्याला त्याची ओळख नसते.

मग गाडीतली माणसं आपोआप मोरीतल्या आजीसारखी वागू लागतात. ताट आधी कागदानं किंवा पोळीच्या तुकड्यानं पुसून घेतात. कुकरमध्ये डब्यावर डबा लावून भात, वरण, बटाटे एकदम काढतात, म्हणजे घासायला तीन पातेली कमी. दोन टब ठेवतात, एक साबणाचा, एक विसळायचा. शेवटचा हात फवाऱ्याच्या बाटलीनं. सकाळचा चहाचा कप दिवसभर ज्याचा त्याचा. विसळलेलं पाणी गाळून पुढच्या वेळी भिजवायला वापरतात. चौघांची एका वेळची भांडी पाच-सहा लिटरात उरकतात, आणि ती घासायला चौघंही वाकतात, कारण टाकीचा काटा सगळ्यांना दिसत असतो.

कॅम्पिंगच्या जागी आणखी एक जबाबदारी येते. पवना धरणाच्या काठी किंवा गडाखालच्या ओढ्यात पातेलं बुडवून घासणं सोपं वाटतं. पण साबण आणि तेल थेट त्या पाण्यात जातं, आणि तेच पाणी खालच्या गावात कुणीतरी भरतं. जगभरचे भटके यासाठी साधा नियम पाळतात: पाणी भांड्यात घ्यायचं, काठापासून सत्तरएक पावलं लांब जायचं, तिथं घासायचं, खरकटं गाळून पिशवीत परत आणायचं आणि गाळलेलं पाणी जमिनीवर पसरून टाकायचं. यलोस्टोनसारख्या अमेरिकी उद्यानात तर हा प्रश्न अस्वलांचा आहे. तिथल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर कापडी तंबूंना परवानगीच नाही, पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात, आणि उष्टी भांडी बाहेर ठेवणं हा उद्यानात सगळीकडंच गुन्हा. पवनेच्या काठी अस्वल नाही, तर माकडं आणि कुत्री आहेत. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटांचा सोपा रस्ताही नको. २०१८ पासून राज्यात त्यांवर बंदी आहे. पळसाची पत्रावळ अजून मिळते.

काटा दिसला पाहिजे

दिंडी आणि कॅरॅव्हॅन यांच्यात श्रीमंतीचं अंतर मोठं आहे. पण दोन्हीकडं दोन गोष्टी सारख्या: पाणी किती उरलंय हे दिसतं, आणि घासायचं काम कुणा एकाच्या नावावर लिहिलेलं नसतं. घरात नेमक्या याच दोन गोष्टी झाकलेल्या असतात. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, हे सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक. आणि ढीग कुणाचा, याचं उत्तर जन्माआधीच ठरलेलं.

त्या दृष्टीनं करंजाड्यातला फ्लॅट म्हणजे न हलणारी कॅरॅव्हॅनच. पाणी मोजकं आहे, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. योजना वाढाव्यात, जुन्या वाहिन्या बदलाव्यात, यासाठी भांडायलाच हवं; दोन टब ठेवून कुणी आपला हक्क सोडत नाही. पण नळाला पाण्याचा फवारा करणारी एरेटरची छोटी जाळी बसवायला, घासणं आणि विसळणं पुन्हा वेगळं करायला आणि आपापलं ताट आपण धुवायला कुठल्याच कार्यालयाची मंजुरी लागत नाही.

दिवाळी हा त्याचा खरा पेपर. चकलीचा सोऱ्या, अनारशांची कढई, तुपानं माखलेल्या पराती, आणि नेमकं याच आठवड्यात मावशींना सुट्टी हवी असते. ती बोनससकट मिळालीच पाहिजे. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, थंड झालं की बाटलीत भरून ठेवा. नळीत साचलं की खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतील. आणि भाऊबीजेला ओवाळणी टाकून झाल्यावर भावानं बाही वर करून कढईला हात घालावा. वारीत जमतं, सहलीला गाडीत जमतं, तर आपल्याच ओट्यापाशी का जमू नये, याला पाणीटंचाईचं कारण तरी देता येणार नाही.